पऱ्हाटीत उभा राहिलेला वाचक

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, नेहमीपेक्षा उंच झाली होती. कित्येक वावरांत ती पाच-सहा फुटांवर गेली होती आणि ओळी एकमेकींत गुंतल्या होत्या. पाठीवर पंप घेऊन तिच्यात शिरणाऱ्या मजुराला नोझल छातीच्या वर, कधी डोक्याच्याही वर धरावं लागत होतं. वर उडालेलं औषध थोडं पानांवर बसायचं, उरलेलं त्याच्याच तोंडावर, मानेवर, घामाने भिजलेल्या सदऱ्यावर उतरायचं. जुलैपासून यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात माणसं येऊ लागली. उलट्या, चक्कर, दरदरून घाम, भरलेली छाती. काहींना डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. हंगाम सरेपर्यंत एकट्या या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि आठशेहून अधिक जणांना विषबाधेवर उपचार घ्यावे लागले. राज्याचं आणि देशाचं लक्ष इकडे वळलं तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता. मग विशेष तपास पथक नेमलं गेलं.

त्या दिवसांत छापून आलेली छायाचित्रं आठवून पाहावीत. वॉर्डातल्या खाटा, सलाईनच्या बाटल्या, खाटेशेजारी उभे असलेले पुढारी, आणि तोंडाला काहीही न बांधता फवारणी करणारा मजूर. हे शेवटचं छायाचित्र बहुतेक वेळा धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घेतलेलं असे. धुरा वावरापेक्षा थोडा उंच, छायाचित्रकार त्यावर उभा, आणि मोकळं दिसावं म्हणून निवडलेला मजूरही वावराच्या कडेला, जिथे पीक विरळ असतं. चित्र खरंच होतं. पण त्यातून फवारणी करणाऱ्याने हातमोजे, मास्क घातला नाही, एवढंच कळत होतं. दोष कुणाचा, याचं उत्तर त्या चित्राने न विचारता देऊन टाकलं. झाडांची उंची, ओळींमधलं अंतर, वाऱ्याची दिशा, चार्जिंगवर चालणाऱ्या पंपातून सुटणारा बारीक तुषार आणि नोझलपासून माणसाच्या नाकापर्यंतची हातभर जागा या पाच गोष्टी एका ठिकाणी आल्या की काय होतं, ते धुऱ्यावरून दिसत नाही. त्यासाठी वावरात, दोन ओळींच्या मध्ये उभं राहावं लागतं.

वाचकाला तिथे नेऊन उभं करण्याचं साधन गेल्या दहा-पंधरा वर्षांत पत्रकारितेच्या हाती आलं आहे. त्याला व्हर्च्युअल रिअॅलिटी म्हणतात, थ्री-सिक्स्टी व्हिडिओ म्हणतात, इमर्सिव्ह जर्नालिझम म्हणतात. दिवाळी अंकाच्या वाचकाला या नावांची भीती वाटायचं कारण नाही. थ्री-सिक्स्टी कॅमेऱ्यात पाठीला पाठ लावलेल्या दोन फुगीर लेन्स असतात. प्रत्येक लेन्स अर्ध्याहून थोडं अधिक जग टिपते आणि संगणक दोन्ही अर्धी शिवून एक गोल करतो. पाहणारा डोळ्यांवर हेडसेट चढवतो किंवा साधा मोबाइल फिरवतो, आणि मान वळवेल तिकडचं दृश्य त्याला दिसतं. चौकट नसते. छायाचित्रकाराने काय वगळलं, हा प्रश्न बराचसा मिटतो आणि त्याच्या जागी दुसरा येतो: कॅमेरा कुठे उभा केला? माझ्या मते या तंत्राचं पत्रकारितेतलं सगळं मोल या दुसऱ्या प्रश्नात आहे. यवतमाळबद्दल बोलताना तर तो टाळताच येत नाही. देशातल्या ज्या थोड्या जिल्ह्यांची दुःखं सर्वाधिक वेळा चित्रित झाली, त्यांतला हा एक. तरी त्याच्याकडे पाहण्याच्या जागा मात्र दोन-चारच राहिल्या.

या तंत्राची बातमीदारीतली सुरुवात भुकेच्या बातमीपासून झाली. नॉनी दे ला पेन्या या अमेरिकन पत्रकार बाईंनी २०१२ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात ‘हंगर इन लॉस एंजेलिस’ नावाची कृती दाखवली. लॉस एंजेलिसमध्ये फुकट धान्यवाटपाच्या रांगेत उभा असलेला मधुमेही माणूस रक्तातली साखर उतरून कोसळतो, एवढाच प्रसंग. आवाज त्या रांगेतच ध्वनिमुद्रित केलेला, खरा. माणसं आणि रस्ता मात्र संगणकावर घडवलेले. हेडसेट लावलेले प्रेक्षक त्या पडलेल्या माणसाजवळ गुडघे टेकून बसत, त्याच्या अंगावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून जात. त्यांना ठाऊक होतं की समोर जमिनीवर कुणी नाही. शरीराला ते पटत नव्हतं.

आपल्याला अधिक जवळचं उदाहरण २०१४ च्या सप्टेंबरातलं आहे. आयोवा हे अमेरिकेतलं मक्या-सोयाबीनचं राज्य. तिथल्या ‘डी मॉइन रजिस्टर’ या दैनिकाने ‘हार्वेस्ट ऑफ चेंज’ ही लेखमाला छापली आणि तिच्या जोडीला एका शेतकरी कुटुंबाचं अख्खं शेत संगणकात उभं केलं. वाचक त्या शेतात फिरू शकत होता. यंत्राजवळ, गोठ्याजवळ थांबलं की त्या त्या ठिकाणची चित्रफीत उघडायची. विषय होता पिढ्यांगणिक शेती कशी बदलते हा. एका प्रादेशिक दैनिकाने, स्वतःच्या वाचकांच्या शेतीवर, स्वतःच्या जिल्ह्यांत जाऊन हे केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढच्या वर्षी, २०१५ च्या नोव्हेंबरात, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने रविवारच्या अंकाबरोबर दहा लाखांहून अधिक घरांत पुठ्ठ्याचे चष्मे वाटले आणि युद्धाने घर सोडावं लागलेल्या तीन मुलांवरची ‘द डिस्प्लेस्ड’ ही फिल्म दाखवली. गाजावाजा त्याचा झाला. आयोवाचं काम मागे पडलं, आणि खेड्यांतल्या पत्रकारितेला खरं शिकण्यासारखं तिथेच होतं.

आपल्याकडे २०१६ साली मुंबईतल्या आनंद गांधी यांच्या मीमसिस कल्चर लॅबने ‘एल्स व्हीआर’ हा मंच सुरू केला. त्यावरची खुशबू रांका यांची ‘राइट टू प्रे’ ही फिल्म महाराष्ट्रातलीच: त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यात प्रवेश मागणाऱ्या स्त्रियांची. त्या वर्षी १ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने स्त्रियांच्या मंदिरप्रवेशाच्या हक्काला पाठबळ दिलं होतं, आठवड्याभरात शनिशिंगणापूरचा चौथरा खुला झाला होता आणि त्र्यंबकेश्वरला तणाव होता. दूरदर्शनच्या पडद्यावर जमाव नेहमी समोर असतो. आपण त्याच्याकडे पाहतो. थ्री-सिक्स्टी चित्रणात तो चहूकडून असतो, पाठीमागेही असतो. मूठभर बायकांनी अशा जमावातून पुढे जाणं म्हणजे काय, हे त्या प्रकारानेच नीट उमगतं. याच मंचावर गुजरातमधल्या उना इथे दलितांना झालेल्या मारहाणीनंतरची ‘कास्ट इज नॉट अ रूमर’ आली, आणि छत्तीसगडच्या कोरब्यातल्या कोळसा खाणींवरची ‘व्हेन ऑल लँड इज लॉस्ट, डू वी ईट कोल?’ ही फैजा अहमद खान यांची फिल्म आली. मालेगावच्या हौशी सिनेमावाल्यांवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ करणाऱ्या त्याच या दिग्दर्शिका.

कोरब्याची ती फिल्म यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात दाखवायला हवी. उकणी, कोलारपिंपरी या बाजूला वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खुल्या खाणी आहेत. खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर, कोळशाच्या ट्रकांनी काळा झालेला रस्ता, आणि त्या दोहोंच्या मध्ये उभी असलेली कपाशी. वणीच्या खाणीचं छायाचित्र घ्यायचं तर खड्डा मावेल एवढ्या उंचीवर जावं लागतं आणि मग गाव ठिपक्याएवढं होतं. गाव घ्यावं तर खड्डा सुटतो. दोन्ही एकाच वेळी, माणसाच्या उंचीवरून, पुढे खड्डा आणि मागे शाळा असं पाहायचं असेल, तर मान वळवता यायला हवी. इथे या तंत्राला काम आहे.

तसंच पांढरकवडा-राळेगावच्या जंगलाचं. टी-१ म्हणजेच अवनी वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ ला गोळी घातली गेली तेव्हा तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका तिच्यावर होता. देशभर वाद पेटला. शहरातल्या वाचकाला त्या वादात एक सुंदर वाघीण आणि एक बंदूक दिसत होती. गुरं चारायला निघालेल्या माणसाला काय दिसतं? झुडपांनी भरलेलं रान, त्याला लागूनच उभं पीक, आणि चार पावलांपलीकडे काहीच नाही. वाघ मारणं बरोबर की चूक, हे त्या दृश्यावरून ठरत नाही. पण ते न पाहता मत देणाऱ्याचं मत अर्धवट राहतं, असं मला ठामपणे वाटतं.

आता दुसरी बाजू. तीही यवतमाळकडेच आहे, आणि मला ती पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते.

दुःखाला प्रेक्षक मिळवून देण्याची खटपट फार जुनी आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात विलोबी वॉलेस हूपर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने मद्रास इलाख्यातल्या हाडांचे सापळे झालेल्या माणसांची छायाचित्रं काढली. त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवून, मांडून काढलेली ती चित्रं होती, आणि त्यावरून त्याच्यावर त्या काळीही टीका झाली. त्याच दुष्काळाने आपला दख्खन उजाड केला होता. मराठी माणसाच्या हाती चालतीबोलती चित्रं आली तेव्हा सुरुवात तरी निराळी झाली. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९० च्या दशकात काचेवर रंगवलेल्या चित्रांची शांबरिक खरोलिका गावोगाव दाखवली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर म्हणजे सावेदादांनी १९०१ च्या डिसेंबरात केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांच्या स्वागताचं चित्रण केलं, जे भारतातलं पहिलं वार्ताचित्र मानलं जातं. आपल्यातल्याच एकाचा मान आपणच टिपला होता. विदर्भाच्या वाट्याला मात्र हूपरचा वारसा अधिक आला.

२००६ साली मुंबईत फॅशन वीक भरला, त्यात सुती कपड्यांची चलती होती आणि वार्तांकनासाठी ५१२ पत्रकारांची नोंद झाली होती. त्याच दिवसांत तो कापूस पिकवणाऱ्या विदर्भात शेतकऱ्यांच्या आत्महत्या होत होत्या आणि तिथे ठाण मांडून लिहिणारे पत्रकार हाताच्या बोटांवर मोजता येण्याइतके होते. हा हिशेब पत्रकार पी. साईनाथ यांनी मांडला, आणि दीपा भाटिया यांच्या ‘नीरोज गेस्ट्स’ या २००९ च्या माहितीपटामुळे तो दूरवर पोचला. पण दुसराही काळ आला, जेव्हा कॅमेरे कमी नव्हते. २००८ च्या जुलैत राहुल गांधींनी लोकसभेत मारेगाव तालुक्यातल्या जळका गावच्या कलावती बांदूरकर या शेतकऱ्याच्या विधवेचं नाव घेतलं. त्यानंतर जळक्याची वाट कॅमेऱ्यांनी मळून गेली. पंधरा वर्षांनी, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, अमित शहा यांनी लोकसभेत पुन्हा तेच नाव घेतलं आणि आपल्या सरकारने त्यांना काय काय दिलं ते सांगितलं. तेव्हा कलावतीबाईंनी स्वतः कॅमेऱ्यासमोर ते खोडून काढलं आणि मदत कुणी केली होती ते सांगितलं. इतकी वर्षं त्यांचं घर, त्यांचा चेहरा, भिंतीवरचा फोटो देशाने पाहिला होता. या वेळी त्यांचा शब्द बातमी झाला.

आत्महत्या झालेल्या घराच्या चित्रणाला एक ठरलेला साचा आहे: दार, अंगण, हार घातलेली तसबीर, तिच्याखाली बसलेली बाई, कोपऱ्यात मुलं. या घरात थ्री-सिक्स्टी कॅमेरा नेला तर काय होईल? कॅमेरा चहूकडे पाहतो, म्हणून चित्रण करणाऱ्याला लपावं लागतं. खोली एकच. म्हणजे तो बाहेर जाईल आणि घराच्या मधोमध तिपाईवर एक डोळा ठेवून जाईल. साध्या कॅमेऱ्यासमोर त्या बाईला निदान ठाऊक असतं की तो कुठे पाहतो आहे. ती पदर सावरते, पाठ फिरवते, मुलाला पलीकडे पाठवते. इथे पलीकडेच उरत नाही. चुलीजवळची सासू, दारातली शेजारीण, उघड्या कपाटातलं सामान, सगळं नोंदलं जातं. एका व्यक्तीची परवानगी घेऊन दहा जणांचं आयुष्य उचलून नेलं जातं. अशा घरात हा कॅमेरा नेऊ नये. कितीही चांगल्या हेतूने नेऊ नये.

या तंत्राला २०१५ मध्येच ‘सहानुभूतीचं यंत्र’ म्हटलं गेलं. जॉर्डनमधल्या जातारी निर्वासित छावणीतल्या सिरियन मुलीवर ‘क्लाउड्स ओव्हर सिद्रा’ करणारे ख्रिस मिल्क यांनी व्यासपीठावरून तसा दावा केला होता. तो अगदीच पोकळ नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बेघर होण्याचा अनुभव हेडसेटमधून घेतलेल्यांपैकी ८२ टक्के लोकांनी परवडणाऱ्या घरांच्या मागणीवर सही केली. तीच गोष्ट केवळ वाचलेल्यांपैकी ६७ टक्क्यांनी. फरक आहे. पण हे आकडे मी उलटेही वाचतो: नुसत्या वाचनानेही तिघांपैकी दोघे हलले. मानसशास्त्रज्ञ पॉल ब्लूम यांनी २०१७ मध्ये लिहिलेल्या लेखात मुद्द्यालाच हात घातला. निर्वासिताचं दुःख छावणीच्या दृश्यात नसतं, ते भयात आणि अनिश्चिततेत असतं, आणि हेडसेट केव्हाही काढता येतो.

कर्ज तर मुळीच दिसत नाही. कास्तकाराचं कर्ज म्हणजे बँकेचं थकलेलं खातं, कृषी केंद्राची उधारी, सावकाराकडे ठेवलेलं डोरलं, मुलीच्या लग्नाला घेतलेले उसने, आणि या सगळ्यांच्या तारखा एकाच महिन्यात येणं. या गोष्टीला लांबी-रुंदी नाही, काळ आहे. तो काळ शब्दांतच मावतो. पत्रकार जयदीप हर्डीकर यांनी ‘रामराव’ हे पुस्तक २०२१ मध्ये इंग्रजीतून लिहिलं, ते यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कास्तकाराचं. २०१४ मध्ये कीटकनाशक पिऊन तो वाचला. लेखक वर्षानुवर्षं त्याच्याकडे जात राहिला, त्याचे हिशेब पाहत राहिला. कोणत्याही हेडसेटमध्ये हे बसणार नाही. फवारणीच्या विषबाधेवर ‘परी’ या संकेतस्थळासाठी त्यांनी लिहिलेली लेखमालाही अशीच: रुग्णालय, औषधांची मिश्रणं, विक्रीची साखळी, किडीची कथा. साईनाथ यांनी २०१४ च्या डिसेंबरात सुरू केलेलं हे संकेतस्थळ मराठीतही वाचता येतं. यवतमाळच्या माणसाने आपल्याच जिल्ह्याबद्दलचं लिखाण आपल्या भाषेत वाचणं, ही मला कुठल्याही यंत्राहून मोठी गोष्ट वाटते.

आणि प्रेक्षकाला प्रसंगाच्या आत ओढण्यासाठी यंत्र लागतंच असंही नाही. श्याम पेठकर यांनी लिहिलेलं आणि हरीश इथापे यांनी बसवलेलं ‘तेरवं’ हे नाटक पाहिलेल्यांना हे सांगायला नको. शेतकऱ्यांच्या विधवा त्यात स्वतः रंगमंचावर उभ्या राहतात. नाट्यगृहात बसलेल्या माणसापासून त्या पंधरा-वीस फुटांवर असतात आणि त्याच्याकडे पाहत असतात. हेडसेटमधला माणूस तुमच्याकडे पाहिल्यासारखं करतो, पण तुम्ही त्याला दिसत नसता. ‘तेरवं’मधल्या बायकांना प्रेक्षक दिसतो. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतल्याने ते वादात सापडलं होतं. त्याचं उद्घाटन अखेर या नाटकात काम करणाऱ्या वैशाली येडे यांनी केलं. एका अंगणवाडी मदतनीस बाईने, शेतकऱ्याच्या विधवेने, सारस्वतांच्या मांडवात उभं राहून आपल्या गोष्टी आपल्या शब्दांत सांगितल्या. समोरच्या हजारोंना कुठेही दुसरीकडे मान वळवायची इच्छा झाली नसेल.

मग हे तंत्र यवतमाळात कशासाठी वापरावं? जिथे कारण जागेत दडलेलं आहे, तिथे. फवारणी हे त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. सप्टेंबरातल्या पऱ्हाटीत, पाच फूट उंचीवर, दोन ओळींच्या मध्ये कॅमेरा ठेवावा आणि पंपात साधं पाणी भरून, त्यात निरुपद्रवी रंग कालवून मजुराने नेहमीच्या चालीने फवारत यावं. पाहणाऱ्याला दिसेल की तुषार कुठे जातो. वारा पाठीमागून असताना आणि समोरून असताना, दोन्ही. कमरेएवढ्या पिकात आणि डोक्याएवढ्या पिकात, दोन्ही. यात कुणाचं दुःख उघडं पडत नाही, आणि तपासाचे कागद वाचूनही लक्षात येणार नाही ते तीन मिनिटांत कळतं.

त्यालाही मर्यादा आहेत, त्या सांगायला हव्यात. विष कातडीतून शिरतं, आणि उकाड्याने घामेजलेल्या अंगातून अधिक. हेडसेटमध्ये ना उकाडा असतो ना औषधाचा उग्र वास. रबरी हातमोजे, मास्क आणि गॉगल घालून सप्टेंबरच्या उन्हात दिवसभर पंप का ओढवत नाही, हे चित्रात उतरणार नाही, ते लिहावंच लागेल. बोंडअळीचं तसंच. २००२ मध्ये बीटी कापूस आला तो बोंडअळीपासून सुटका म्हणून. पण गुलाबी बोंडअळी त्याला पुरून उरली आणि २०१७ मध्ये तिने धुमाकूळ घातला. ती बोंडाच्या आत असते. बाहेरून बोंड हिरवंगार, निरोगी दिसतं, फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून कास्तकार आणखी जहाल मिश्रण करतो. इथे आयोवाच्या दैनिकासारखं संगणकावर बोंड उभं करून वाचकाला त्याच्या आत नेता येईल. मात्र ते घडवलेलं चित्र आहे, टिपलेलं नव्हे, हे दर क्षणी दिसत राहिलं पाहिजे. बातमीत ही रेघ पुसली गेली की वाचकाचा विश्वासही पुसला जातो.

आणखी एक दिशा आहे, तिचा विचार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आजवर हा कॅमेरा शहरातून खेड्याकडे आला. शहरातल्या वाचकाला खेड्यात उभं करायचं, हे त्याचं गृहीत. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचा वाचक मात्र स्वतःच पऱ्हाटीत उभा असतो. त्याला पऱ्हाटी दाखवून काय उपयोग? त्याला न दिसणाऱ्या जागा दुसऱ्या आहेत. इंग्रजांच्या काळात इथला कापूस ‘शकुंतला’ या छोट्या रेल्वेच्या चिमुकल्या डब्यांतून मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला, मँचेस्टरला गेला. कास्तकार त्याच्या मागोमाग कधी गेला नाही. आजही त्याच्या कापसाचा भाव जिथे ठरतो ती वायदेबाजाराची खोली त्याने पाहिलेली नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली कोणतं औषध कोणत्या पिकाला चालेल हे ठरवणारी समिती फरिदाबादेत बसते. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर २००५ पासून बंद झालं आणि कापसावर पुढे बरीच वर्षं चालूच राहिलं, तो निर्णय जिथे झाला ती जागा त्याने पाहिलेली नाही. पीकविम्याचा दावा नाकारला जातो ते टेबल, सूतगिरणीतली प्रतवारी, औषध कंपनीची प्रयोगशाळा. या ठिकाणी कॅमेरा उभा करा आणि दारव्ह्याच्या, घाटंजीच्या, झरी जामणीच्या वाचकाला तिथे मान वळवू द्या. परवानगी मिळणं कठीण जाईल. विधवेच्या घरात सहज मिळणारी परवानगी तिथे का मिळत नाही, हीच एक बातमी होईल.

खर्चाचं भय आता पूर्वीइतकं नाही. मोठ्या संस्थांनी या तंत्राचा पाठलाग सोडून दिला आहे. बीबीसीने आपला व्हीआर विभाग २०१९ मध्ये बंद केला, गूगलने पुठ्ठ्याचे चष्मे विकणं २०२१ मध्ये थांबवलं. धूळ खाली बसली, हे एका परीने चांगलंच झालं. मुठीत मावणारा थ्री-सिक्स्टी कॅमेरा आज चांगल्या मोबाइलच्या किमतीत मिळतो आणि पाहायला हेडसेट नसला तरी मोबाइल चालतो. चित्र थोडं पुसट दिसतं. चार हजार बिंदूंची रुंदी सगळ्या वर्तुळात वाटली जाते, डोळ्यांसमोरच्या पाव भागाला जेमतेम हजार येतात. लेन्सच्या अगदी जवळ आलेलं पान शिवणीवर तुटतं. हे दोष वावरात जाऊन काम करणाऱ्याला आठवड्याभरात कळतात आणि सांभाळता येतात.

कठीण आहे ते तालुक्याच्या वार्ताहराची वेळ विकत घेणं. लोकनायक बापूजी अण्यांनी १९१८ मध्ये ‘लोकमत’ साप्ताहिक काढलं ते यवतमाळातून. या जिल्ह्याची पत्रकारिता शंभर वर्षांहून जुनी आहे. आज तिचा बराचसा भार ज्या तालुका वार्ताहरावर आहे, त्याला जाहिरातीही आणाव्या लागतात. जाहिराती कुणाच्या, तर खरिपात बियाण्यांच्या आणि औषधांच्या दुकानदारांच्या. या माणसाच्या हातात कॅमेरा देण्याआधी त्याला मानधन द्यायला हवं, नाहीतर कॅमेरा धुऱ्यावरच उभा राहील.

माझी सूचना साधी आहे. एका दैनिकाने, किंवा दोन-तीन साप्ताहिकांनी मिळून, एक वावर निवडावं. मालकाची, सालदाराची, तिथे राबणाऱ्या सगळ्यांची संमती घ्यावी, आणि चित्रण आधी त्यांना दाखवून त्यांनी नको म्हटलेलं काढून टाकावं. जूनमध्ये सरकी टोबताना काळ्या मातीत एक खुंटी ठोकावी. मग दर पंधरा दिवसांनी त्याच खुंटीवर, त्याच उंचीवर कॅमेरा ठेवावा: डवरणी, निंदण, पहिली फवारणी, पोळ्यानंतरचं दाटलेलं पीक, दिवाळीच्या सुमाराची पहिली वेचणी. प्रत्येक वेळच्या चित्राजवळ तेव्हाचा खर्च लिहावा: बियाणं, खत, मजुरी, औषध, कुणाकडून किती उधार. बाजार समितीत गाडी उभी राहील तेव्हा कॅमेरा गाडीवर असावा आणि भाव पुकारताना कास्तकाराला जे ऐकू येतं ते वाचकालाही ऐकू यावं.

उलंगवाडीनंतर, म्हणजे वेचणी संपल्यावर, बहुतेक जण पाठ फिरवतील, पण कॅमेऱ्याने तेव्हाही जावं. ओलिताची सोय असलेली काही वावरं जानेवारीनंतरही उभी राहतात, फरदडीचा चार-दोन क्विंटल कापूस मिळावा म्हणून. त्याच बोंडांत गुलाबी अळी तग धरते आणि तिथून पुढच्या हंगामात उतरते. फरदड ठेवणारा हे जाणतो. वेचणीला हाती आलेल्या पैशांत उधारी फिटलेली नसते म्हणून तो ती ठेवतो. मार्च-एप्रिलमध्ये त्या खुंटीवरून घेतलेलं चित्र आणि त्याखालचा खर्चाचा हिशेब मेच्या ग्रामसभेत लावावा, कृषी केंद्रांच्या समोर लावावा, जेव्हा माणसं बियाण्याची पाकिटं घ्यायला आलेली असतात.